मॉडेल इंजिनासाठी बिडाचं मशीनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कास्टिंग्जचा, म्हणजे बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतीव भागांचा, खोका उघडला की पहिले दोन दिवस माणूस ती नुसती हातात घेऊन फिरवत बसतो. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतात. इथले प्रश्न लहान लेथवर, फावल्या वेळात, एकट्याने इंजिन करणाऱ्यांचे आहेत. उत्तरंही त्याच बेताची आहेत, आणि कुठे माझं मत घुसलंय ते वाचताना कळेलच.

सगळं इंजिन स्टील आणि अॅल्युमिनियमच्या बारमधून केलं तर? बीड हवंच कशाला?

करता येतं, पुष्कळ जण करतातही. पण सिलिंडर, पिस्टन, रिंग आणि फ्लायव्हील या चार ठिकाणी बिडाला तोड नाही. राखाडी बिडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटचे पातळ पापुद्रे होऊन धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे आतल्या आत असंख्य बारीक भेगाच. म्हणून बीड ताणाला कच्चं आणि हातोडीच्या एका फटक्यात तडकणारं. पण त्याच भेगांमुळे चिप लांब दोऱ्यासारखी न निघता भुरभुर तुटते, कंप धातूतच जिरतो, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये घासताना ग्राफाइट स्वतःच थोडं वंगण पुरवतं. बिडात बीड वर्षानुवर्षं चालतं. मऊ स्टीलमध्ये मऊ स्टील चालवून बघा, थोड्याच वेळात दोन्ही एकमेकांना धरतात.

फ्लायव्हीलचं कारण साधं: वजन. बिडाची घनता ७.२ च्या आसपास, अॅल्युमिनियमची २.७.

कोणतं बीड घ्यावं? घरात व्यायामाच्या वजनांच्या जुन्या चकत्या पडल्या आहेत.

त्या पडूच द्या. वजनासाठी ओतलेल्या बिडाला फक्त जड असायचं असतं. आत वाळू, पोकळ्या, काचेसारखे कडक ठिपके, काहीही सापडतं. फ्लायव्हील करून बघायची फारच हौस असेल तर करा, पण टूलं धार लावून तयार ठेवा.

पिस्टन, रिंग आणि लायनरसाठी (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळीसाठी) कंटिन्युअस कास्ट बार, म्हणजे सलग ओतलेला दांडा, मिळाला तर दुसरं काही शोधू नका. घट्ट, बारीक दाण्याचं, आरपार एकसारखं बीड असतं ते. ग्रेडचा आकडा हा ताणाची ताकद असतो, म्हणजे २५० ग्रेड साधारण २५० मेगापास्कलला तुटतं. आपल्या कामाला तेवढं भरपूर झालं. क्रँकशाफ्टसारख्या वाकणाऱ्या भागाला मात्र राखाडी बीड वापरू नये. तिथे स्टील घ्या किंवा एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट) आयर्न. एसजीत मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे पापुद्र्यांऐवजी गोळे केलेले असतात. १९४३ मध्ये कीथ मिलिस यांनी हे शोधलं. ते बरंच चिवट असतं आणि त्याची चिपही थोडी लांब निघते.

कास्टिंग हातात आल्यावर आधी काय करू?

मास्क लावा, वायर ब्रशने चिकटलेली वाळू झाडा. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ आणि बाहेर आलेला पातळ पत्रा कानशीने काढा. कानस जुनीच घ्या, नवी असेल तर वाळू तिला एका संध्याकाळी जुनी करेल. फ्लायव्हील दोरीला टांगून हलकेच टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आऱ्यांत तडा शोधा.

मग ड्रॉइंग शेजारी ठेवून प्रत्येक माप घ्या. कुठे किती माल जास्त आहे ते ड्रॉइंगवरच पेन्सिलने लिहून ठेवा. कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) सरकलेला असला, म्हणजे आतलं भोक बाहेरच्या आकाराशी एककेंद्री नसलं, तर ते आजच कळायला हवं. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) पूर्ण झाल्यावर एका बाजूची भिंत कागदासारखी उरली, हे कळून उपयोग नाही.

ओबडधोबड कास्टिंगवर मार्किंग कुठून सुरू करायचं? एकही बाजू सरळ नाही.

इथे घाई करणाऱ्याचं इंजिन पुढे कधीच मोकळं फिरत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ठरवा, शेवटपर्यंत मशीन न होणारे भाग कोणते. सिलिंडरचा बाहेरचा गोलवा, स्टँडचे पाय, बेअरिंगभोवतीचे उंचवटे. हे भाग जसे ओतले तसेच राहणार, म्हणून मशीन होणाऱ्या बाजू त्यांच्या हिशोबाने बसवायच्या. कास्टिंगवर पांढरा रंग किंवा खडूचं पाणी लावा. तीन आधारांवर ते सरफेस प्लेटवर ठेवा. तीनच, कारण चार आधारांवर ओबडधोबड वस्तू डुगडुगते. आधारांची उंची कमीजास्त करत मुख्य मध्यरेषा प्लेटला समांतर आणा, सरफेस गेजने रेघ मारा. मग ९० अंशांत वळवून पुन्हा. प्रत्येक उंचवट्याचा मध्य काढायचा आणि रेघ सगळ्यांना थोडा थोडा न्याय देईल अशी सरकवायची. एकाचाच मध्य अचूक साधलात तर दुसरा उंचवटा एका बाजूला झुकलेला दिसणार. हे पंचाचं काम आहे. दोन्हीकडच्यांना थोडं थोडं सोडायला लावायचं.

यातून पहिली मशीन करायची बाजू ठरते. सहसा ती सर्वांत मोठी सपाट बाजू असते, म्हणजे बेडचा तळ किंवा सिलिंडरचा बसण्याचा पृष्ठभाग. ती एकदा झाली की पुढची सगळी मापं तिच्यापासून. खडबडीत बाजूवरून दुसऱ्यांदा माप घ्यायचं नाही.

चकमध्ये धरताना कास्टिंग हलतं. किती आवळू?

आवळण्याने प्रश्न सुटत नाही, कास्टिंग मात्र तुटतं. फोर जॉ, म्हणजे चार जबड्यांचं, चक वापरा. प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकतो, त्यामुळे मार्किंगच्या रेघेला केंद्रात आणता येतं. जॉ आणि कास्टिंगमध्ये जाड पुठ्ठा किंवा तांब्याची पट्टी ठेवली की खडबडीत पृष्ठभागावरही पकड बसते. तरीही शंका असेल तर फेस प्लेट आणि क्लॅम्प वापरा. क्लॅम्पच्या बरोबर खाली पॅकिंग हवं. पोकळीवर क्लॅम्प आवळला तर बीड वाकतं, तुम्ही त्याला तसंच वाकलेलं कापता, आणि क्लॅम्प सैल केल्यावर ते परत मूळ आकाराला जातं. मग सरळ कापलेली बाजू वाकडी मोजते आणि आपण लेथला शिव्या घालतो. एका बाजूला वजन जास्त असेल तर समोर तोलायला लोखंडाचा तुकडा बांधा, आणि मोटर सुरू करण्याआधी चक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा.

पहिला कट किती खोल घ्यायचा? भीती वाटते, आधी ०.१ मिमी घेऊन बघू का?

नका घेऊ. साच्याला टेकलेला थर लवकर थंड होतो, त्यामुळे कडक असतो, आणि त्यात वाळूचे कण रुतलेले असतात. ०.१ मिमीच्या कटात टूलचं टोक सगळा वेळ त्याच थरात घासत राहतं. पाचदहा फेऱ्यांत धार जाते, बोथट टूल पृष्ठभाग आणखी चोळून गुळगुळीत करतं, आणि मग नवं टूलही त्यावरून घसरतं. माझ्या पहिल्या बेड कास्टिंगवर मी हेच केलं. संध्याकाळभरात दोन टूलं बसली आणि माल निघाला जेमतेम अर्धा मिमी.

टोक या त्वचेच्या, म्हणजे कडक थराच्या, खाली गेलं पाहिजे. कडेला आधी कानशीने किंवा टूलने तिरका चँफर पाडून त्वचा उघडा, म्हणजे टूल मऊ धातूतून आत शिरेल. मग १ ते १.५ मिमी खोल कट, फेरे कमी, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) एकसारखं. कडक थर वरच्या वर चिपबरोबर तुटून पडतो. लहान लेथ कुरकुरेल. फेरे आणखी कमी करा, पण कटाची खोली कमी करू नका. त्वचा एकदा गेली की बिडासारखं आज्ञाधारक काही नाही.

फेरे किती ठेवू?

कापण्याचा वेग एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या टूलला) मिनिटाला १८ ते २५ मीटर, कार्बाइडला (टंगस्टन कार्बाइडच्या टूलला) ६० ते १०० मीटर. त्वचेसाठी त्यातला खालचा आकडा घ्या. फेरे काढायला ३१८ ला वेगाने गुणा आणि मिमीतल्या व्यासाने भागा. २० मीटरला २५ मिमीच्या पिस्टनला सुमारे २५० फेरे येतात, १५० मिमीच्या फ्लायव्हीलला फक्त ४२. स्टुअर्ट १०व्ही या छोट्या वाफेच्या इंजिनाचा बोअर पाऊण इंच आहे, पण फ्लायव्हील ३ इंची, म्हणजे ७६ मिमी. त्यालाही ८४ फेरेच येतात. बऱ्याच लहान इलेक्ट्रॉनिक लेथना एवढ्या कमी वेगाला जोर राहत नाही. तिथे बॅक गिअरचं (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरचं) जुनं लेथ बाजी मारतं. नसेलच तर कार्बाइड लावून फेरे वाढवा.

एचएसएस की कार्बाइड?

त्वचेला कार्बाइड, के गटातलं. तो गट बिडासाठीच असतो. फिनिशिंगला मी एचएसएसच वापरतो. टोकाला थोडी गोलाई, वरचा रेक (टूलच्या माथ्याचा उतार) शून्य ते पाच अंश, आणि धार तेलदगडावर साफ केलेली. इन्सर्टची, म्हणजे कार्बाइडच्या बदलता येणाऱ्या टोकाची, नवी कड पुष्कळदा थोडी बोथट केलेली असते, त्यामुळे ०.०५ मिमीचा कट ती घेण्याऐवजी चोळते.

कूलंट लागतं का?

नाही. कोरडंच कापा. तेल आणि बिडाची भुकटी मिळून जो काळा चिखल होतो तो चांगला लॅपिंग पेस्ट (घासून झिजवायचा लेप) असतो, फक्त चुकीच्या जागी, म्हणजे तुमच्या लेथच्या बेडवर.

त्या भुकटीचं काय करायचं? लेथ खराब होतं म्हणतात.

ती साफ न करणाऱ्याचं होतं. काम सुरू करण्याआधी बेडवरचं तेल पुसून घ्या आणि बेड कागदाने झाका. कापड नको, ते चकमध्ये ओढलं जातं. काम झाल्यावर आधी व्हॅक्यूम, मग पुसणं, मग नवं तेल, हाच क्रम. हवेचा फवारा मारू नका, भुकटी स्लाइडच्या फटीत जाऊन बसते. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला की पिशवी उलटी करून सगळं एका झटक्यात टाकता येतं.

आणखी एक: बीड आणि ग्राफाइट दोन्हीतून वीज वाहते. मोटरचा कंट्रोल बॉक्स चकच्या खाली उघडा असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करा. मास्क आणि चष्मा लावा, हे वेगळं सांगायला नको. नाक शिंकरल्यावर रुमाल काळा झाला तर मास्क नीट बसला नव्हता.

एका जागी टूल घासतंय, चकाकी येते, कापलं काही जात नाही. टूल बदलून पाहिलं.

ते चिल आहे. पातळ भाग साच्यात इतका पटकन गोठतो की कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी जोडलेला कार्बाइड म्हणून अडकतो. याला पांढरं बीड म्हणतात, तोडलं तर आत चंदेरी दिसतं. फ्लायव्हीलची कड, पातळ फ्लँज, कोपरे या त्याच्या आवडत्या जागा. कार्बाइड टूलने सावकाश निघालं तर निघालं, पण खरा उपाय अॅनिलिंग. ८५० ते ९०० अंश, म्हणजे उजळ लाल होईपर्यंत तापवा, तासभर तिथेच धरा, आणि भट्टी बंद करून रात्रभर आतच थंड होऊ द्या. सकाळी तेच कास्टिंग लोण्यासारखं कापलं जातं. हे मशीनिंगच्या आधी करायचं, कारण वर पापुद्रा धरतो आणि आकार थोडा हलतो.

सिलिंडरचा बोअर एका टोकाला मोठा, दुसऱ्याला लहान येतो. का?

चकमध्ये धरून साध्या बोअरिंग बारने केला असेल तर दोन कारणं संभवतात. हेडस्टॉक बेडशी सरळ नाही, किंवा बार लांब आणि बारीक असल्याने वाकतो. दुसरंच जास्त वेळा निघतं. बसेल तेवढा जाड बार घ्या, गरजेपेक्षा एक मिमीही जास्त बाहेर काढू नका, आणि शेवटी कट न वाढवता त्याच मापावर दोन-तीन वेळा बार आत-बाहेर जाऊ द्या. दर फेरीला अजून थोडी भुकटी निघत असेल तर बार वाकत होता हे नक्की.

मला स्वतःला दोन सेंटरमधला बार आवडतो. सिलिंडर क्रॉस स्लाइडवर बांधायचा, बार हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच्या सेंटरमध्ये फिरवायचा, टूल बारच्या मधोमध. टूल फिरतं त्या वर्तुळाची त्रिज्या ठरलेली, म्हणून बोअर टोकापासून टोकापर्यंत एकाच मापाचा येतो. टेलस्टॉक किंचित सरकलेला असला तर बोअर अंडाकृती होतो, पण इतका थोडा की आपल्या गेजला सापडत नाही. ही युक्ती जुनीच आहे. जॉन विल्किन्सन यांनी १७७५ च्या सुमारास वॅटच्या इंजिनांचे सिलिंडर ज्या यंत्रावर बोअर केले, त्यात दांडा सिलिंडरच्या आरपार जाऊन दोन्ही टोकांना आधारलेला होता. त्याआधी दांड्याला एकाच टोकाला आधार असायचा, तो कोअरच्या वाकड्या भोकामागे भटकायचा, आणि पिस्टनच्या बाजूने वाफ निसटायची. आपल्या बारीक बोअरिंग बारचंही दुखणं तेच.

बोअरबरोबर एक टोकाची बाजू त्याच सेटिंगमध्ये फेस करून घ्या, म्हणजे ती काटकोनात येईल. दुसरी बाजू मँड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर.

होनिंग करू की लॅपिंग?

रिंग किंवा पॅकिंग असलेल्या पिस्टनला बारीक दगडाचा होन पुरेसा. बोअर करताना ०.०२ ते ०.०५ मिमी राखून ठेवा. रिंग नसलेल्या पिस्टनला लॅपिंगच, म्हणजे घासणारे कण लावलेल्या दांड्याने (लॅपने) घासणं. लॅप नेहमी बिडापेक्षा मऊ धातूचा, म्हणजे अॅल्युमिनियम किंवा तांब्याचा हवा. घासणारे कण मऊ धातूत रुततात आणि कडक धातूला कापतात. लॅप कडक घेतलात तर कण सिलिंडरमध्ये रुतून बसतील. टोकांशी लॅप अर्ध्याहून जास्त बाहेर काढू नका, तोंडं कर्ण्यासारखी उघडतात. नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरं फडकं आतून पांढरंच बाहेर येईपर्यंत, आणि लगेच तेल लावा.

पिस्टन किती सैल ठेवायचा?

२५ मिमी बोअर धरून सांगतो. बिडाच्या सिलिंडरमध्ये रिंगचा बिडाचा पिस्टन ०.०३ ते ०.०५ मिमी. रिंग नसलेला लॅप केलेला पिस्टन ०.००५ ते ०.०१. तो मायक्रोमीटरपेक्षा हाताला जास्त कळतो: खालचं तोंड अंगठ्याने बंद केल्यावर तेल लावलेला पिस्टन सावकाश उतरला पाहिजे. अॅल्युमिनियमचा पिस्टन असेल तर जास्त जागा सोडा, तो उष्णतेने बिडाच्या दुपटीहून जास्त फुगतो.

पिस्टन रिंग घरी होतात?

होतात, आणि दहा करायला घ्या म्हणजे चार हाती लागतील. कंटिन्युअस कास्ट बारमधून बोअरच्या मापाचं नळकांडं करा, रिंगा कापा, दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर सपाट करा. २५ मिमीला भिंत साधारण १ मिमी. एका जागी तोडा, फटीत फाचर घालून उघडी ठेवा, तशीच साच्यात मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या. ताण तिच्या अंगात भिनतो. बोअरमध्ये बसवून फट मोजा, ०.१ मिमीच्या आसपास हवी. पिस्टनवर चढवताना तुटल्या तर मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांच्या तुटतात.

फ्लायव्हील लचकतं. बाहेरून तर अगदी गोल कापलं होतं.

बाहेरचा घेर आणि मधलं भोक वेगवेगळ्या सेटिंगमध्ये झालं असणार. घेर, एक बाजू आणि भोक हे एकाच बांधणीत करा. मग उलटं करून मँड्रेलवर दुसरी बाजू. भोक ड्रिलने पूर्ण मापाचं करू नका. ड्रिल आधीच्या भोकामागे जातं. बोअरिंग टूलने सरळ करून ०.१ ते ०.२ मिमी राखा आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल). रीमर उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानाही.

कापताना आरे घंटेसारखे वाजायला लागले तर आऱ्यांमध्ये लाकडाच्या फाचरी घट्ट बसवा. आवाज थांबतो आणि पृष्ठभागावरच्या लाटाही जातात.

टूल बाहेर पडताना कडेचे टवके उडतात.

बीड वाकत नाही, फुटतं. कट संपतो त्या कडेला आधीच चँफर करा, शेवटच्या मिलिमीटरला फीड कमी करा. ड्रिल आरपार जातानाही मागच्या बाजूला लाकूड दाबून धरा.

आटे पाडताना बारीक टॅप तुटतो. बिडात तसे आटे टिकतात का?

टिकतात, पण बारीक पिचचे घेऊ नका, शिखरं भुरभुरतात. नेहमीचा खडबडीत पिच, आणि बोल्ट व्यासाच्या दीडपट आत गेलेला. एम३ ला २.५, एम४ ला ३.३, एम५ ला ४.२ चं ड्रिल. टॅप कोरडा चालतो. तुटतो तो बहुधा आंधळ्या भोकात, कारण भुकटी तळाशी दाबली जाते. भोक थोडं जास्त खोल पाडा आणि टॅप पुन्हा पुन्हा काढून झटका.

मशीन केलेल्या बाजूत छिद्रं निघाली. कास्टिंग बाद?

जागेवर अवलंबून आहे. बाहेरच्या दर्शनी भागात असतील तर धातूचा एपॉक्सी भरा, रंगाखाली दिसत नाही. वाफेच्या बाजूला बारीक सच्छिद्रता असेल तर कास्टिंग गरम करून पातळ, झिरपणारं थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारं चिकट द्रव) सोडा. बोअरमध्ये मोठं भोक निघालं तर बोअर वाढवून बिडाचा लायनर बसवा. बेअरिंगच्या किंवा बोल्टच्या जागी असेल तर दुसरं मागवा, जुगाडाच्या नादी लागू नका.

काल सपाट केलेला बेड आज दिव्याखाली पट्टी लावल्यावर डोलतो.

ओतताना जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेळी थंड होतात, त्यांची ओढाताण आत राहते. एका बाजूची त्वचा काढलीत की तोल बिघडतो. म्हणून सगळ्या बाजू आधी रफ करा, ०.५ मिमी राखा, काही दिवस बाजूला ठेवा, मग फिनिश. फारच चळणारं कास्टिंग असेल तर ५५० अंशांच्या आसपास तासभर ठेवून भट्टीतच थंड करा. ते वर्षभर पावसात टाकून मुरवायचं, असं जुने लोक सांगतात. माझा धीर कधी पुरला नाही.

गंज?

ताजं कापलेलं बीड दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतं, आणि घामाच्या बोटांचे ठसे त्याआधी उठतात. प्रत्येक दिवसाच्या शेवटी तेलाचा हात फिरवा. रंग देणार त्या भागाचं तेल थिनरने दोनदा काढा. ग्राफाइटच्या फटींत ते मुरलेलं असतं आणि एकदा पुसून निघत नाही.